माझ्या मायनं सहकार्य केलं नाही म्हणे

एका भरल्या सभागृहात, माइकवरून, माझ्या मायबद्दल सांगितलं गेलं की तिनं सहकार्य केलं नाही. तिचं नाव घेतलं नव्हतं. 'ग्रामीण भागातील वृद्ध महिला' असं म्हणाले. पण डोळे तपासायच्या यंत्रासमोरून ज्या म्हाताऱ्या तशाच उठून गेल्या त्यांत एक माझी माय होती, आणि सभागृहातल्या त्या दिवसापर्यंत तिचा उजवा डोळा गेलेला होता. मी तिथंच खुर्चीत बसले होते. त्या दिवशी जो राग डोक्यात शिरला तो अजून उतरलेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा, हे पुढं कळेनासं झालं.

मी परळीत शाळेवर मराठी शिकवते. वीज केंद्राची राख वाहणाऱ्या टिपरमागून स्कूटी हाकायची आणि शाळेत पोचल्यावर आधी डोळे धुवायचे, हा आमचा नेम. माहेर धर्मापुरीच्या अलीकडचं. वडील गेले, भाऊ पुण्याला कंपनीत, त्यामुळं माय गावात एकटीच राहते. एकटी म्हणजे भिंतीपलीकडं थोरल्या काकांचं घर आहे. काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, मायचे थोरले दीर. वय ऐंशीच्या पुढं. एकेकाळी सरपंच, नंतर सोसायटीचे चेअरमन, आणि पद गेलं तरी गावाचे पुढारी ते पुढारीच. नारायणगडाच्या मेळाव्याला जीप भरून माणसं न्यायची तर काका पुढच्या सीटवर. काळा गॉगल, हातात काठी, दोन्ही बाजूंनी दोन कार्यकर्ते. 'कोण हाय बे?' असं त्यांनी ओसरीवरून विचारलं की रस्त्यावरचा माणूस जागच्या जागी थांबून नाव सांगतो.

आमच्या घरात थोरल्या दिरासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, ही रीत. पदर नाकाखाली ओढायचा, बोलायचं नाही, काही सांगायचंच असलं तर लेकराला मध्ये घालून सांगायचं. काकाही रीतीचे पक्के. आमच्या दारात यायचं तर आधी खाकरणार, आणि ते खाकरले की हातातलं काम टाकून माय पदर ओढणार. लग्न होऊन आली तेव्हापासून हे चाललंय. त्यांनी तिचं तोंड कधी बघितलं नाही आणि ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मला लहानपणी वाटायचं, या दोघांचं काहीतरी भांडण आहे.

तर मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात गावात संशोधनवाले आले. मोठ्या शहरातली कुठली संस्था, साठीच्या पुढच्या माणसांच्या डोळ्यांचा अभ्यास करत होती. कुणाला काय आजार आहे, कशानं होतो, गावाकडं किती वेळानं कळतो, असा सगळा तपास. काम चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याकडं आमच्याकडं बघतं कोण? 'वय झालं' म्हणायचं आणि विषय संपवायचा. मी स्वतः मायला फोन करून बजावलं होतं, 'जा आन् तपासून घे.'

गावात पाहुणा आला की तो काकांच्या ओसरीवर टेकणार, हे ठरलेलंच. फेटे झाले, शाली झाल्या, नारळ झाले, फोटो झाले. तिथं इन्व्हर्टर होता, खुर्च्या होत्या, चहा सारखा येत होता. संशोधनवाल्यांनी यंत्र तिथंच मांडलं आणि यजमान म्हणून काका यंत्राशेजारच्या खुर्चीत बसले. सकाळी बसले ते दिवेलागणीला उठले. हे सगळं मला काकांच्या सुनेनं, माझ्या वहिनीनं सांगितलं. मी त्या दिवशी शाळेवर होते. असते तर यंत्रासकट सगळ्यांना अंगणात काढलं असतं.

पुरुषमाणसं पटापट तपासून झाली. मग घरच्या बाया. यंत्र असं, की हनुवटी पट्टीवर टेकवायची, कपाळ पुढं लावायचं, डोळा उघडा धरायचा आणि उजेडाचा ठिपका दिसला की 'दिसला' म्हणायचं. माय बसली, पदर हनुवटीपर्यंत ओढून. शेजारी हातभर अंतरावर थोरले दीर.

'आजी, पदर वर घ्या,' तपासणारी मुलगी म्हणाली.

माय हलली नाही.

'आजी, दिसतंय का? बोला काहीतरी.'

माय बोलली नाही. कशी बोलेल? जन्मात बोलली नव्हती.

तेव्हा काकाच बोलले, 'आमच्या घरच्या बायांचे डोळे ठणठणीत हायत. लिहा ठणठणीत.'

त्या मुलीनं तिच्या साहेबांकडं बघितलं. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. 'पुढच्या,' ते म्हणाले. पुढची म्हणजे माझी धाकटी काकू, तिचंही तेच झालं. आमच्या भावकीतल्या सगळ्या म्हाताऱ्या एकामागून एक यंत्रासमोर बसल्या आणि पदराआडून परत गेल्या. झाली तपासणी!

अहो, परदेशातून आलेलं यंत्र तुमच्याकडं, डोळ्याच्या आतली शीर न् शीर दाखवणारं. पण ते कुणाच्या ओसरीवर मांडतोय आणि शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय, हे विचारायला काय यंत्र लागतं? आमच्या गावात कालच लग्न होऊन आलेली पोरगीसुद्धा सांगेल, 'आधी थोरल्यांना उठवा.' एका माणसाला चहाच्या निमित्तानं आत नेलं असतं तरी भागलं असतं. एवढी शिकलेली माणसं! डोंबलाचं शिक्षण.

रात्री मी फोन केला. 'काय म्हणले गं?'

'काय म्हणायचंय? चांगले हायत की. मह्या डोळ्याला काय धाड भरली?'

मी निर्धास्त झोपले.

वर्षभरानं, संक्रांतीला माय माझ्याकडं परळीला आली. दारातून बाहेर पडली आणि उजव्या हाताला उभ्या असलेल्या भाजीच्या गाड्यावर सरळ जाऊन आपटली. लपलेला गाडा नव्हता तो. वांगी, गाजरं, हरभऱ्याच्या जुड्या, वर मोठी छत्री. गाडेवाला बिचारा ओरडत होता, 'आजी, आजी!' कंबरेला लागलं ते लागलं, वर मलाच म्हणाली, 'तुमच्या परळीची राख गेली बघ डोळ्यात.'

घरात आणून तिला कॉटवर बसवलं. डोळे पाण्यानं धुतले. राख नव्हती, लाली नव्हती, काही नव्हतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि दुसरा हात उजव्यासमोर धरला.

'माय, माझी बोटं दिसतेत का?'

'आधी डोळा सोड की.'

'सोडते. पण दिसतेत का?'

तिनं मान इकडंतिकडं फिरवली. मग म्हणाली, 'अंधारच हाय की गं.'

'कवापासून?'

'काय की बाई. दोन असले म्हंजी एकाचं कळत न्हाई.'

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईला नेली. तिथले डॉक्टर शांत माणूस. त्यांनी बाहुल्या मोठ्या करायचं औषध घातलं, दोन्ही डोळे नीट बघितले आणि मला समोर बसवलं. काचबिंदू. डोळ्यात पाण्याचा दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसायचं बंद होतं, मग ते आक्रसत आक्रसत मधल्यापर्यंत येतं. उजवा पूर्ण गेलेला होता. गेलेलं परत येत नाही, मोतीबिंदूसारखं याचं नाही. डाव्याचीही कड खाल्लेली होती. रोज औषध टाकायचं, जन्मभर, एक दिवस चुकवायचं नाही. काही महिन्यांनी परत तपासायचं. नजर टिकली तर थेंबांवर भागेल, नाही टिकली तर ऑपरेशन, आणि त्यानंही उरलेलं वाचेलच असं नाही.

'आजी,' डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, 'कडेचं दिसत नव्हतं, हे कळलं नाही का तुम्हाला?'

माय त्यांच्याकडं बघून हसली. 'कडेचं कवा दिसत व्हतं, साहेब? पदर असतोय की.'

डॉक्टरही हसले, पण मला हसू आलं नाही. या बाईनं जन्मभर जग मधल्या फटीतूनच बघितलं होतं. कडा गेल्या तरी तिला काही गेल्यासारखं वाटलंच नाही.

'आधी कधी तपासले होते डोळे?' त्यांनी विचारलं. मी गावात आलेल्या संशोधनाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, 'तेव्हा कळलं असतं तर उजव्यातलं थोडं तरी धरून ठेवता आलं असतं.'

आता तो सभागृहातला दिवस. परळीत कार्यक्रम होता, त्याच संस्थेच्या संशोधनाचे निष्कर्ष जाहीर करायचा. आमच्याकडं कुठल्याही कार्यक्रमाला खुर्च्या भरायला मास्तर लागतात. वरून निरोप आला, सगळ्या शिक्षकांनी हजर राहावं. तशी मी गेले. स्टेजवर तेच साहेब, ज्यांनी घड्याळ बघितलं होतं. पडद्यावर रंगीत आलेख. आणि त्यांचं ते वाक्य: 'ग्रामीण भागातील वृद्ध महिलांमध्ये डोळ्यांच्या आरोग्याबाबत मोठी अनास्था आढळली. अनेक महिलांनी तपासणीस सहकार्य केले नाही. यामागे अज्ञान आहे.'

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या मास्तरांनीही वाजवल्या.

मी उभी राहिले. मला कुणी माइक दिला नाही आणि मला लागतही नाही, साठ पोरांच्या वर्गात शिकवते मी. 'साहेब,' म्हटलं, 'अज्ञान आहे हे खरं, पण कुणाचं? तुम्ही माझ्या मायला तिच्या थोरल्या दिराच्या मांडीला मांडी लावून बसवलं आन् म्हणलं तोंड उघड. तुमच्या घरात कुणाला भर बाजारात लुगडं सोडायला सांगितलं तर ती सहकार्य करील का? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही. तिचा डोळा गेला, आणि तिलाच अडाणी म्हणून टाळ्या घेताय?'

आमचे मुख्याध्यापक माझ्या पदराचं टोक ओढत होते. साहेबांनी ओठ पुसले. 'ताई, आम्ही आपल्या भावना समजू शकतो,' म्हणाले, आणि पुढच्या आलेखाकडं वळले. भावना! डोळा गेला म्हणून सांगतेय बाई, आणि यांना भावना दिसल्या.

मी ताडताड बाहेर आले. माझ्यामागून एक तरुण डॉक्टरीण धावत आली. साहेबांच्या टीममधलीच. 'ताई, थांबा. मी नव्हते त्या दिवशी. पण अशा किती जणी असतील हो?'

'मला काय विचारता? तुम्हीच मोजत बसा.'

माझ्या तोंडून वाकडंच निघालं. पोरगी पण चिवट. 'मी परत येते. यंत्र घेऊन. तुमच्या आईंचा डावा डोळा टिकलाय की नाही तेही बघता येईल. तुम्ही फक्त सांगा, कसं बसवायचं.' तिला माझा नंबर दिला. एवढं विचारणारी ती पहिलीच होती, म्हणून दिला.

ठरलेल्या दिवशी ती आली. मी रजा टाकून आधीच गावात गेले होते. माझा बेत साधा होता: यंत्र आमच्या घरात मांडायचं आणि दारं लावून एकेका म्हातारीला आत घ्यायचं. पण सकाळपासून वीज गेलेली. इन्व्हर्टर गावात एकाच घरी. पुन्हा काकांची ओसरी! यंत्र तिथं लागेपर्यंत काका खुर्चीत येऊन बसलेसुद्धा. गॉगल, काठी, शेजारी दोन कार्यकर्ते. बाहेर बाया जमलेल्या, पारावरची माणसंही बघायला आलेली.

मी पुढं झाले. 'काका, तुमी जरा आत बसता का? बायांची तपासणी हाय.'

'कावून? मी काय खातो का त्यांला?'

'तुमच्यापुढं त्या पदर काढत न्हाईत. मायचा एक डोळा गेलाय त्याच्यापायी. दुसरा बघायचाय आज.'

'माझ्या घरात मलाच उठवती व्हय तू?' त्यांचा आवाज चढला. 'शिकून लई शहाणी झाली!'

'तुमच्या घरात न्हाई, तुमच्या खुर्चीतून उठवते. तासाभरासाठी. गावाचं राजकारण काय बुडत न्हाई तेवढ्यानं.'

मी हे म्हणाले आणि मागं वळून मायकडं गेले. ती दाराच्या कडेला बाकी बायांत उभी होती, पदर हनुवटीपर्यंत. मी तिचा हात धरला. 'चल माय. कुणाकडं बघू नको. बस यंत्रापुढं आन् काढ पदर.'

'न्हाई,' ती पदराआडून हळूच म्हणाली.

'न्हाई म्हंजी? हाय तेवढाबी घालवायचाय का?'

'न्हाई म्हणले ना.'

माझं डोकं फिरलं. त्याच वेळी मागून काका गरजत होते. 'आमच्या घरात बायांनी पुरुषापुढं तोंड वर केलेलं न्हाई! तुझ्या बापानं असलं ऐकून घेतलं नसतं! माझ्यापुढं उभी राहून मला शिकवती? खाली बघ! खाली बघ म्हणतो!'

त्यांनी काठी रोखली होती. मी वळून बघितलं आणि जागीच थबकले. काठी माझ्याकडं नव्हतीच. मी केव्हाच तिथून निघून दारापाशी आले होते आणि काका मी आधी उभी होते त्या जागेवर, मोकळ्या हवेवर ओरडत होते. 'आता कावून गप? बोल की!' तिथं कुणी नव्हतं. एक कार्यकर्ता त्यांच्या कानाशी वाकला, त्यांना हळूच खुर्चीत दाबायला लागला.

डॉक्टरीण माझ्याकडं बघत होती. मग तिनं काकांकडं बघितलं.

'काका,' मी म्हणाले, 'मी हितं हाय.'

काठी हवेतच राहिली. तिचं टोक माझ्या आवाजाच्या दिशेनं हळूहळू वळलं, आणि मग खाली आलं. पारावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

गॉगल का होता, दोन्हीकडं दोन माणसं का लागत होती, रस्त्यावरच्या माणसाला थांबवून नाव का विचारायचे, सगळं मला एका दमात कळलं. या माणसाला दिसत नव्हतं! माझी माय ज्याच्यापुढं तोंड झाकून बसली, तोंड झाकताना जिचा डोळा गेला, त्याला तिचं तोंड दिसणारच नव्हतं. मला हसावं का किंचाळावं कळेना. तेवढ्यात मायनं माझं मनगट असं आवळलं की बांगड्या रुतल्या. मला ओढत ती भिंतीपलीकडं आमच्या स्वयंपाकघरात घेऊन आली.

'जिभेला हाड हाय का तुझ्या,' दार लोटून ती म्हणाली. 'चारचौघांत बोलायचं व्हतं का?'

'माय, काकाला दिसत न्हाई! तू ऐकलंस ना? त्यांला दिसत न्हाई!'

'मला ठाऊक हाय.'

'काय?'

'कवाचं ठाऊक हाय. चहाचा कप दिला तर बशी चाचपीत्यात. पायरी हुडकत्यात पायानं. सूनबाईलाबी ठाऊक हाय. घरातल्या बायांला कळत न्हाई का?'

'मग त्या दिवशी यंत्रापुढं पदर कावून न्हाई काढला? आन् आज? कुणापासून झाकत व्हतीस?'

पदर डोक्यावर सारून तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणजे डावा डोळा माझ्याकडं वळवला. 'येडी हायस का गं? मी तोंड उघडं टाकून त्यांच्यापुढं बसले असते आन् ते गप ऱ्हायले असते, तर गाव काय म्हणलं असतं? थोरल्यांनी काठी न्हाई उगारली, उठून न्हाई गेले, म्हंजी म्हाताऱ्याला दिसत न्हाई. तिथल्या तिथं कळलं असतं सगळ्यांला. त्यांची इज्जत मी घालवायची का? तुझा बाप गेल्यावर वावराचा बांध कुणी कोरला न्हाई, ते त्यांच्या धाकानं. आंधळ्याचा कोण धाक धरतंय?'

मी चुलीपुढच्या पाटावर बसले. माझ्या मायनं सहकार्य केलं होतं. भरपूर केलं होतं. फक्त ते कुणाला केलं, हे त्या सभागृहात कुणाला ठाऊक नव्हतं.

'तुझा डोळा गेला गं माय,' एवढंच मी म्हणाले, आणि रडले. रागानं रडले.

'गेला तर गेला. मला काय ठाऊक व्हतं आत काय चाललंय ते? दुखत तर नव्हतं.'

तेवढ्यात डॉक्टरीण आली. पलीकडं तिनं काकांना त्यांच्या खोलीत नेऊन बॅटरीनं त्यांचे डोळे बघितले होते. आता झाकायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी बघू दिले असावेत. 'मोतीबिंदू आहे,' ती म्हणाली. 'दोन्ही डोळ्यांत, पूर्ण पिकलेला. कधीचाच काढायला हवा होता. पण निघेल. साधं ऑपरेशन आहे, दिसेल त्यांना.'

'दिसंल?' मायनं विचारलं.

'बहुतेक चांगलं दिसेल, आजी.'

माय पाट घेऊन बसली. काकांच्या वडिलांचा डोळा म्हणे कुण्या फिरत्या वैदूनं सुई घालून फोडला होता, तेव्हापासून काकांनी डोळ्याच्या दवाखान्याची पायरी चढली नव्हती, हे ती नंतर कधीतरी सांगणार होती. त्या वेळी फक्त एवढं म्हणाली, 'त्यांचं निघतंय व्हय?'

त्या दिवशी काका आत गेलेले, म्हणून माय यंत्रापुढं बसली. हनुवटी टेकवली, पदर खांद्यावर, तोंड उघडं. 'दिसला. दिसला. हां, दिसला.' मध्येच बराच वेळ गप्प. डॉक्टरिणीनं शेवटी मान हलवली. डावा होता तेवढाच होता. कमी झाला नव्हता. 'औषध चुकवू नका,' ती म्हणाली. भावकीतल्या बाकीच्या म्हाताऱ्याही एकेक करून बसल्या. धाकट्या काकूच्या डोळ्यातही काचबिंदूची सुरुवात निघाली. पण सुरुवातच. तिचे वाचतील.

मी तिला म्हटलं, 'आता तुमच्या साहेबांना सांगा, सहकार्य केलं म्हणून.' ती म्हणाली, 'सांगते.' सांगितलं की नाही, मला कळलं नाही. कुठल्या स्टेजवरून तरी ऐकू आलेलं नाही.

काकांचं ऑपरेशन लातूरला झालं. आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. गावाला कळायचं ते कळलंच होतं, आभाळ काही कोसळलं नाही. लोक भेटायला आले, पेढे झाले. 'लख्ख दिसतंय बे!' म्हणून काका येईल त्याला त्याच्या सदऱ्याचा रंग सांगायचे. भिंतीवरच्या चुन्याच्या भेगा दाखवायचे, पोरांच्या मोबाइलवरचे फोटो बघायचे. मी ओसरीवरून जाताना मला म्हणाले, 'म्हातारी झालीस की गं.' मला त्यांचा आनंद बघवत नव्हता. त्यांचं वाईट व्हावं असं नाही, पण बघवत नव्हता. त्यांना दोन्ही डोळे परत मिळाले होते आणि माझ्या मायला गेलेला एक मिळणार नव्हता.

एका रविवारी संध्याकाळी मी गावात होते. मायच्या औषधाची वेळ झालेली. ती खाटेवर बसली होती, मी बाटली हलवत होते. दारात काका खाकरले. मायचा हात पदराकडं गेला, पदर नाकाखाली आला. काका आत आले, एकटेच. काठी नाही, माणूस नाही. समोरच्या खुर्चीत बसले. भिंतीकडं बघत मला म्हणाले, 'तिला कसं हाय आता, विचार.'

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पदराआडून आवाज आला.

'तुमाला दिसतंय ना आता?'

मी दचकले. काका माझ्याहून जास्त दचकले. सबंध हयातीत माझ्या मायनं त्यांना उद्देशून काढलेला तो पहिला शब्द होता.

'दिसतंय,' ते म्हणाले. 'चांगलं दिसतंय.'

'मग जावा तुमी. मला तोंड वर करून औषध घ्यायचंय.'

काका उठले. उंबरा ओलांडताना त्यांना चाचपावं लागलं नाही, सरळ गेले.

मायनं पदर काढून खांद्यावर टाकला आणि मान मागं केली. मी डाव्या डोळ्यात थेंब सोडला. उजव्यात टाकायला डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं.